लोखंडी देहाचा लिच: वॉरफोर्ज्डचा जीव ताइतात मावतो का?

राक्षसाचा जीव पोपटात असतो, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सात समुद्रांपलीकडं बेट, बेटावर झाड, झाडाला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. राक्षसाचे कितीही तुकडे करा, पोपटाची मान मुरगळल्याशिवाय तो मरत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या कथाखेळातला लिच याच जातीचा. फरक एवढाच की तो जन्मानं राक्षस नसतो. तो बहुधा शिकलेला, पोचलेला विझार्ड, म्हणजे जादूगार असतो आणि स्वतःच्या मर्जीनं स्वतःचा जीव काढून एका डबीत कोंडतो. आपला ब्रह्मसमंधही विद्वानच, पण तो वासना अपुरी राहिली म्हणून अडकलेला असतो. लिच ठरवून, पैसे मोजून, हिशेब मांडून अडकतो.

पुस्तकं त्या डबीला फिलॅक्टरी म्हणतात. मी ताईत म्हणणार. खेळाच्या साडेतीन (३.५) आवृत्तीत तिचं सगळ्यात नेहमीचं रूप दिलंय ते असं: धातूची बंद पेटी, आत मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या. चांदीच्या पेटीत भूर्जपत्राची गुंडाळी घालून दंडाला बांधतात, ती डोळ्यासमोर आणा. हुपरीच्या कारागिराला हे चित्र दाखवलं तर तो फक्त माप विचारेल.

आता टेबलावर येणारा प्रश्न. एक वॉरफोर्ज्ड, म्हणजे युद्धासाठी घडवलेला जिवंत यंत्रपुरुष, विझार्ड आहे, नाव समजा ऐरण. लाकूड, दगड आणि लोखंडाचा देह, अकरावी लेव्हल. आणि खेळणारा डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, विचारतो:

"दादा, ऐरणला लिच करायचाय. जमतंय का?"

"जमवू की. पण जीव कुठं ठेवणार ते आधी सांग."

"पण त्याला जीव हाय का मुळात?"

या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. देह कशाचा आहे यावर लोक तासभर भांडतात. माझं मत ठाम आहे: मेल्यावर त्या देहातून काही निघून जातं का, एवढंच बघायचं. जात असेल तर ते ताइतात कोंडता येतं. जात नसेल तर लाख होन खर्चा, डबी रिकामीच राहणार.

पण मत बाजूला ठेवून आधी नियम बघू, कारण प्रत्येक आवृत्तीत नियमाचा एकेक शब्द आडवा येतो आणि तो दरवेळी वेगळा असतो.

साडेतीनचा शब्द: ह्यूमनॉइड

साडेतीन आवृत्तीत लिच हा टेम्प्लेट आहे, म्हणजे असलेल्या कॅरेक्टरवर चढवायचा थर. तो कुणावर चढतो हे पहिल्याच ओळीत लिहिलंय: कुठल्याही ह्यूमनॉइडवर, म्हणजे माणसासारख्या प्राण्यावर, त्याला ताईत बनवता येत असेल तर. वॉरफोर्ज्ड २००४ च्या एबेरॉन कॅम्पेन सेटिंगमध्ये (एबेरॉन ही खेळातली एक दुनिया) आला तो कन्स्ट्रक्ट, म्हणजे घडवलेला, या टाइपचा, लिव्हिंग कन्स्ट्रक्ट, म्हणजे घडवलेला पण जिवंत, या सबटाइपचा. दोन हात, दोन पाय, तोंडानं बोलतो, पण ह्यूमनॉइड नाही. म्हणजे अक्षरशः वाचलं तर उत्तर "नाही", आणि विषय तिथंच संपतो.

लिब्रिस मॉर्टिस या पुस्तकातला नेक्रोपॉलिटन, म्हणजे मेल्यावरही टिकून राहायचा स्वस्तातला रस्ता, तोही बंदच. तो ह्यूमनॉइड आणि मॉन्स्ट्रस ह्यूमनॉइड यांच्यापुरता आहे.

मला हे "नाही" पटत नाही, आणि कारण त्याच पुस्तकात आहे. साध्या कन्स्ट्रक्टबद्दल नियम सांगतो की तो कधी जिवंत नव्हताच, म्हणून त्याला रेझ डेड किंवा रेझरेक्शननं उठवता येत नाही. लिव्हिंग कन्स्ट्रक्टबद्दल तोच नियम नेमका उलटा: त्याला उठवता येतं. आता रेझ डेड करतं काय? गेलेल्या आत्म्याला बोलावून परत देहात बसवतं. बोलवायला कुणीतरी असल्याशिवाय हा मंत्र लागू होत नाही. वॉरफोर्ज्डला तो लागू होतो, म्हणजे त्याच्यात परत येणारं काहीतरी आहे. एबेरॉनमधले लोक वॉरफोर्ज्डला आत्मा आहे की नाही यावर वाद घालत बसतात, ती कथेतली गोष्ट. नियमांच्या पानावर त्याचं उत्तर दिलेलं आहे.

शिवाय त्याला कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे देहाच्या दमखमाचा आकडा आहे. गोलेमच्या, म्हणजे जादूनं चालणाऱ्या पुतळ्याच्या रकान्यात तिथं नुसती आडवी रेघ असते.

तेव्हा डीएमनं "ह्यूमनॉइड" हा शब्द खोडून "ज्याला रेझ डेड लागू होतं असा कुणीही" असं लिहावं. एका ओळीची ही घरगुती दुरुस्ती मला सगळ्यात स्वच्छ वाटते. तिच्यानं वॉरफोर्ज्ड आत येतो आणि गोलेम बाहेरच राहतो.

गोलेम का नाही

गोलेमचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लोक इथंच घसरतात. "त्याच्यातही आत्मा असतो ना?" असतो. पण तो त्याचा नसतो. गोलेम चालतो तो पृथ्वीतत्त्वाच्या प्रतलावरून, म्हणजे वेगळ्या जगातून, ओढून आणलेल्या, मर्जीविरुद्ध बांधलेल्या एका भूतामुळं. ते काढून डबीत भरलं तर डबीत मातीचं एक चिडलेलं भूत मिळेल, गोलेम मिळणार नाही.

दुसरं, त्याला बुद्धीचा आकडाच नाही. मंत्र म्हणता येत नाहीत, शिकता येत नाहीत. आणि तिसरं, लिच होणं फक्त राजीखुशीनं जमतं असं नियमात स्पष्ट आहे. ज्याला मर्जीच नाही, तो राजी कुठून होणार?

फ्लेश गोलेम हे तर उत्तम उदाहरण. मढ्यांचे तुकडे शिवून केलेला, वास मारणारा, पण टाइप कन्स्ट्रक्ट, अनडेड (मेलेला तरी हिंडणारा) नाही. म्हणजे मालावरून काहीच ठरत नाही. मढ्याचा देह असून अनडेड नसतो, तर लोखंडाचा देह असून अनडेड का असू नये?

ऐरणचा हिशेब

समजा डीएमनं होकार दिला. आता कागद-पेन्सिल घ्या.

पहिली अट, मंत्र म्हणता येणं आणि कास्टर लेव्हल, म्हणजे मंत्रांतली पायरी, किमान ११. दुसरी, क्राफ्ट वंडरस आयटम हे फीट, म्हणजे जादूच्या वस्तू बनवायचं कसब. विझार्डला दोन्ही जमतं. वॉरफोर्ज्ड म्हटला की अर्धे लोक आर्टिफिसर, म्हणजे जादूचा कारागीर, घेऊन येतात; तिथं सांभाळा. साडेतीनचा आर्टिफिसर मंत्रांऐवजी इन्फ्यूजन वापरतो, आणि तो ना आर्केन (विद्येनं मंत्र म्हणणारा) कास्टर आहे ना डिव्हाइन (देवाच्या बळावर म्हणणारा). "मंत्र म्हणता येणं" यात इन्फ्यूजन धरायचं की नाही, हे पहिल्या सत्रातच ठरवून टाका. सहा महिने खेळल्यावर हा मुद्दा निघाला तर मनं दुखावतात.

तिसरी अट पैशाची आणि अनुभवाची. ताइताला १,२०,००० सोन्याची नाणी आणि ४,८०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. अकराव्या लेव्हलला पुस्तक जी मालमत्ता धरतं ती ६६,००० ची. बाराव्याला ८८,०००, तेराव्याला १,१०,०००, चौदाव्याला १,५०,०००. म्हणजे अकराव्या लेव्हलला अट पुरी होते, पण कनवटीला पैसा असतो तो निम्म्याच्या आसपास. काठ्या, अंगठ्या, मंत्रांची वही, सगळं विकलं तरी तेराव्या लेव्हलपर्यंत गणित बसत नाही.

एक्सपीचं त्याहून बारीक आहे. वस्तू बनवताना एक्सपी खर्चून लेव्हल खाली जाऊ देता येत नाही. अकरावी लेव्हल ५५,००० एक्सपीला लागते. त्यामुळं ऐरणकडं आधी किमान ५९,८०० हवेत. कालच अकरावीत गेलेल्यानं आज ताईत करायला घेतला, तर डीएमनं त्याला तिथंच थांबवायचं.

आणि दिवस किती? इथं पुस्तकाचे आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत. नेहमीचा नियम असा: एक्सपी म्हणजे मूळ किमतीचा पंचविसावा भाग, कच्चा माल मूळ किमतीच्या निम्मा, आणि दर १,००० नाण्यांच्या किमतीला एक दिवस. ४,८०० ला २५ नं गुणलं की मूळ किंमत १,२०,००० येते, म्हणजे १२० दिवस. पण नियम म्हणतो की "बनवायला" १,२०,००० लागतात. तो कच्च्या मालाचा आकडा धरला तर मूळ किंमत दुप्पट आणि दिवस २४०. मी १२० धरतो, एक्सपीचा आकडा त्याच बाजूनं बोलतो म्हणून. रोज आठ तास. वॉरफोर्ज्ड झोपत नाही, दमत नाही, म्हणून "दोन पाळ्या करतो" असं खेळणारा हमखास म्हणणार. जमत नाही. दिवसाचे आठ तासच धरले जातात, मग कारागीर मांसाचा असो की बिडाचा.

आता मिळतं काय ते बघा. हिट डाइस, म्हणजे जीव किती ते ठरवणारे फासे, सगळे डी१२ (बारा बाजूंचे) होतात आणि कॉन्स्टिट्यूशन जातं. ऐरणचं कॉन्स्टिट्यूशन १६ होतं असं धरू. विझार्डचा डी४: पहिल्या लेव्हलचे पूर्ण ४, पुढच्या दहांचे सरासरी २५, वर अकरा लेव्हलचे तीन-तीन म्हणजे ३३. बेरीज ६२ हिट पॉइंट, म्हणजे एवढा मार सोसता येतो. लिच झाल्यावर पहिले १२, पुढचे ६५, बेरीज ७७. पंधरा हिट पॉइंटांचा फायदा. सहा बाजूंच्या फाशाच्या, डी६ वाल्याला हा फायदा तीनावर येतो, कारण त्याची बेरीज आधीच ७४ असते.

याहून सुंदर जुळणी गुणांची आहे. वॉरफोर्ज्डला जन्मतः विस्डम आणि करिष्मा उणे दोन. लिच झाल्यावर इंटेलिजन्स, विस्डम, करिष्मा तिन्ही अधिक दोन. घडवताना जे कमी पडलं होतं ते मरताना भरून निघतं. कथा सांगणाऱ्या डीएमला यात केवढं तरी सापडेल: युद्धासाठी घडवलेला, माणसांत अवघडलेला तो यंत्रपुरुष मेल्यावरच धड बोलायला लागतो.

नैसर्गिक चिलखत पाच येतं आणि ते अंगच्या कॉम्पोझिट प्लेटिंगच्या, म्हणजे जन्मजात पत्र्याच्या, दोनवर चढतं, कारण दोन्हींची जात वेगळी. पण प्लेटिंगबरोबर आर्केन मंत्र फसण्याचे ५ टक्केही राहतात. मिथ्रल बॉडी घेतली असेल तर १५, अडॅमंटाइन बॉडी असेल तर ३५. तिसांत एक नव्हे, तीन मंत्रांमागं एक वाया! विझार्ड करायचा असेल तर अडॅमंटाइनच्या मोहात पडू नये; रेसेस ऑफ एबेरॉनमधलं अनआर्मर्ड बॉडी घेतलं की ते ५ टक्केही जातात.

आता तोटा, आणि तो मोठा आहे. लेव्हल अॅडजस्टमेंट अधिक चार. अकरावीचा विझार्ड लिच झाला की हिशेबात पंधरावीचा धरला जातो, आणि बाराव्या विझार्ड लेव्हलसाठी त्याला १,२०,००० एक्सपीपर्यंत थांबावं लागतं. तोवर बरोबरीचे बारा, तेरा, चौदा, पंधरा असे चढत जातात. शेजारचा साधा विझार्ड आठव्या पातळीचे मंत्र टाकतोय आणि ऐरण अजून सहाव्यावर बसलाय, असं चित्र पुढं महिनोन् महिने दिसतं. कॅम्पेन इथंच मोडतात. खेळणाऱ्याला हा आकडा आधी दाखवा, मग निर्णय घेऊ द्या.

दोन टाइपचे कपडे एकावर एक नकोत

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. लिच झाला की टाइप बदलून अनडेड होतो. कन्स्ट्रक्ट होता तो आता नाही. मग लिव्हिंग कन्स्ट्रक्ट सबटाइपचं काय? माझा निर्णय: गेलं. कन्स्ट्रक्टच नाही तर लिव्हिंग कन्स्ट्रक्ट कसला? ते ठेवलं तर खेळणारा दोन्हीकडची कवचं मिरवतो आणि त्याला इजा करायला डीएमकडं काही उरत नाही.

याचे परिणाम लगेच दिसतात. रिपेअर जातीचे मंत्र कन्स्ट्रक्टवर चालतात, म्हणून ते बंद. पूर्वी क्युअर, म्हणजे जखमा भरणाऱ्या मंत्रांचा निम्मा तरी उपयोग व्हायचा. आता त्याच मंत्रांनी इजा होते आणि इजा करणाऱ्या इन्फ्लिक्टनं बरं वाटतं. पार्टीतला क्लेरिक, म्हणजे पुजारी, घाईत मास क्युअर टाकतो तेव्हा ऐरणचं नाव यादीतून वगळायला विसरू नका.

त्याहून वाईट टर्न अनडेड, म्हणजे क्लेरिकची अनडेडना पळवून लावायची शक्ती. साडेतीनमध्ये ते ६० फुटांत सगळ्यात जवळच्या अनडेडला आधी लागतं. समोर वीस झोंबी आणि क्लेरिकच्या शेजारी आपला ऐरण उभा असेल तर पहिला वार ऐरणवर. अधिक चार टर्न रेझिस्टन्समुळं अकरा हिट डाइसचा तो पंधराचा धरला जातो आणि बहुधा तगतो. तरी लढाईत त्याला क्लेरिकपासून लांब उभं करायची सवय लावून घ्यावी.

हलकं फॉर्टिफिकेशन, म्हणजे क्रिटिकल (वर्मी घाव) चुकवायचे २५ टक्के, आता निरुपयोगी. अनडेडला क्रिटिकल लागतच नाही. पण देह लोखंडी तो लोखंडीच. हीट मेटलनं तो तापणार, रस्टिंग ग्रास्पनं गंजणार. आत्मा डबीत गेला म्हणून पत्र्याचा गंज थांबत नाही, हे डीएमनं लक्षात ठेवलं तर लिचविरुद्ध हे मंत्र टाकणारा एक साधा ड्रुइडसुद्धा भारी पडू शकतो.

पाचवी आवृत्ती आणि विषाचा प्याला

पाचव्या आवृत्तीत गंमत उलटी होते. २०१९ च्या एबेरॉन पुस्तकात वॉरफोर्ज्ड ह्यूमनॉइडच आहे, त्यामुळं तो शब्द आडवा येत नाही. पण लिचचा टेम्प्लेटही नाही. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये लिच हा तयार राक्षस आहे: चॅलेंज २१, १३५ हिट पॉइंट, अठराव्या लेव्हलचा विझार्ड. खेळणाऱ्यासाठी पायऱ्या लिहिलेल्या नाहीत. वर्णन आहे आणि त्यावरून डीएमनं पायऱ्या काढायच्या.

वर्णन असं: आत पोकळी असलेली वस्तू घ्या, तिच्या आतल्या बाजूवर चांदीनं नावाची, बंधनाची, अमरत्वाची चिन्हं कोरा. मग एक काढा प्या. त्यात विष आणि एका बुद्धिमान जिवाचं रक्त, आणि त्या जिवाचा आत्मा ताइताला बळी दिलेला. पिणारा मरून पडतो, आत्मा ताइतात ओढला जातो, देह लिच म्हणून उठतो.

वॉरफोर्ज्डसाठी दोन शंका निघतात. तो पिऊ शकतो का? साडेतीनच्या पुस्तकानं हे आधीच सांगून ठेवलंय: लिव्हिंग कन्स्ट्रक्टला खाणंपिणं लागत नाही, पण पोशनचा गुण त्याला येतो. तेच इथं धरावं. दुसरी शंका, विष त्याला बाधेल का? पाचव्या आवृत्तीत त्याला विषाच्या इजेला रेझिस्टन्स (इजा निम्मी) आहे, इम्युनिटी (इजाच नाही) नाही. ऑटोग्नोमचंही तसंच, २०२२ च्या स्पेलजॅमर या पुस्तकातला हा यंत्राचा प्राणी टाइपनं खरा कन्स्ट्रक्ट आहे, तरी विषाला तो फक्त रेझिस्टन्सवालाच. म्हणजे प्याला दोघांनाही मारू शकतो. पूर्ण विषरोधक देह असेल, गोलेमसारखा, तर तो मरतच नाही, आणि मरत नाही म्हणून लिच होत नाही. विष बाधणं ही इथं पात्रतेची अट होऊन बसते, हे मला फार आवडतं.

पुढचा खर्च कायमचा आहे. ताइताला आत्मे चारावे लागतात. त्यासाठी इम्प्रिझनमेंट हा नवव्या पातळीचा मंत्र, म्हणजे विझार्ड किमान सतराव्या लेव्हलचा. मंत्राच्या साहित्याला लक्ष्याच्या दर हिट डाइसमागं ५०० नाणी. ताईत आणि लिच एकाच प्रतलावर हवेत, एका वेळी एकच कैदी, आणि २४ तासांनी त्याचा आत्मा कायमचा संपतो. तोवर नवव्या पातळीच्या डिस्पेल मॅजिकनं सोडवता येतो. चारणं थांबलं की लिच झिजत जाऊन डेमिलिच होतो, नुसती कवटी. वॉरफोर्ज्डची कवटी कशी झिजेल? चेहऱ्याचा पत्रा, डोळ्यांची दोन भोकं आणि कपाळावरची ती जन्मखूण, घुल्रा. प्रत्येक वॉरफोर्ज्डची ती वेगळी असते. डेमिलिच रंगवताना तेवढी एक ठेवा, बाकी सगळं गंजू द्या.

नव्या मॉन्स्टर मॅन्युअलनं फिलॅक्टरी हे नाव सोडून स्पिरिट जार केलंय. ताईत शब्दाला काही बाधा नाही.

पाथफाइंडर या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच वंशातल्या खेळाबद्दल थोडक्यात. पहिल्या आवृत्तीत आडवा शब्द "जिवंत" आहे: कुठलाही जिवंत प्राणी, ताईत बनवता येत असेल तर. वायरवूड ही लाकडी देहाची जात कन्स्ट्रक्ट, म्हणून बाहेर. अँड्रॉइड ह्यूमनॉइड, म्हणून आत. दुसऱ्या आवृत्तीतला ऑटोमॅटन हा यंत्रदेह तर जवळजवळ अर्धा लिचच आहे. त्या खेळाच्या दुनियेतल्या जिस्टका साम्राज्याच्या शेवटच्या काळात माणसांचे आत्मे गाभ्यात बसवून हे देह केले, अशी त्यांची कूळकथा. ज्याचा आत्मा आधीच एका डबीत आहे त्याला दुसरी डबी हवीच कशाला, हा प्रश्न त्या टेबलावर खेळण्यासारखा आहे.

पण हवंय कशाला?

माणूस लिच होतो तो म्हातारपणाला भिऊन. वॉरफोर्ज्डला म्हातारपण दिसलेलंच नाही. सगळ्यात जुने साधारण तीस वर्षांचे, वयानं झिजल्याची खूण अजून एकावरही नाही. मग एवढा खटाटोप, एवढं पाप कशासाठी?

एबेरॉनमध्ये याचं उत्तर आहे, आणि ते काळीज चिरणारं आहे. तिथलं 'शेवटचं युद्ध' थ्रोनहोल्डच्या तहानं, त्या दुनियेच्या ९९६ साली, थांबलं. तहानं वॉरफोर्ज्डना माणूसपण दिलं, आणि त्याच तहानं त्यांना घडवणाऱ्या भट्ट्या बंद केल्या. कायद्यानं आता नवा वॉरफोर्ज्ड होत नाही. जेवढे आहेत तेवढेच, आणि एक फुटला की एक कमी. लिचचा देह नष्ट झाला तर १ ते १० दिवसांत ताइताशेजारी नवा देह उभा राहतो. भट्टीशिवाय नवा लोखंडी देह मिळण्याचा एवढा एकच मार्ग. ऐरणला स्वतः जगायचं नाहीये. आपली जात मोजताना आकडा एकानं तरी खाली येऊ नये, असं त्याला वाटतं. असा खलनायक मारताना खेळणाऱ्यांचा हात थरथरतो.

त्या नव्या देहाचा एक नियम मात्र आधी लिहून ठेवा. प्लेटिंग देहाचा भाग, ते नव्या देहाबरोबर येतं. अंगात बसवलेली हत्यारं, डोसेंट नावाचे सल्ला देणारे जादूचे गोळे, बाकीचे जोड हे सामान. ते जुन्या सांगाड्यातच राहतं. हे ठरवलं नाही तर दर दहा दिवसांनी फुकटात जादूची हत्यारं पिकवायचा कारखाना सुरू होतो.

ताईत छातीत ठेवू नका

प्रत्येक वॉरफोर्ज्ड खेळणाऱ्याला हीच कल्पना सुचते: छाती पोकळ आहे, ताईत आतच ठेवतो! माणसाच्या लिचला हे जमत नाही, आपल्याला जमतं, म्हणून ती हुशारी वाटते.

कोल्हापुरात बसून विचार करा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, जिथं जाल तिथं फौंड्री. चार मण लोखंडाचा सांगाडा रस्त्यात पडलाय. त्याचं पुढं काय होतं? भंगारात जातो, तुकडे होतात, भट्टीत पडतो. माणसाचं प्रेत पुरतात, जाळतात. धातूचं प्रेत वितळवतात. शत्रूला ताइताचा पत्ता नसला तरी चालतं.

आणि वितळलेल्या बिडात ताईत किती टिकतो? साडेतीनच्या नियमात पेटीला ४० हिट पॉइंट आणि हार्डनेस, म्हणजे दर माऱ्यातून वजा होणारा कठीणपणा, २०. रस लाव्हाइतका धरला तर पूर्ण बुडाल्यावर दर राउंडला २०डी६, म्हणजे सहा बाजूंच्या वीस फाशांची बेरीज, सरासरी ७०. वस्तूंना आगीची इजा निम्मी, म्हणजे ३५. त्यातून हार्डनेसचे २० वजा, उरले १५. पहिल्या राउंडला १५, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला ४५. तीन राउंड, १८ सेकंद. वर धरलेला १२० दिवसांचा खटाटोप लाडलमधून (रस ओतायच्या पळीतून) साच्यात ओतेपर्यंत संपला. पाचव्या आवृत्तीत ताईत इतका सहज मोडत नाही, प्रत्येकाला आपला खास विधी किंवा हत्यार लागतं, पण तिथं वेगळी पंचाईत आहे: नवा देह ताइताच्या पाच फुटांत उभा राहतो. ताईत कास्टिंगच्या पोटात गेला असेल तर ऐरण डोळे उघडतो ते भट्टीशेजारी, अंगावर एकही वस्तू नसताना, आणि ज्यांनी त्याला फोडलं ते अजून तिथंच हात धूत असतात.

ताईत लांब, कोरड्या, कंटाळवाण्या जागी हवा. पन्हाळ्याच्या अंधारबावेसारखी तीन मजली विहीर नकाशावर असेल तर मधल्या मजल्यावर ठेवा; तळाशी पाणी असतं आणि वर माणसांची ये-जा. देहाला उभं राहायला पाच फुटांत मोकळी जागा असल्याची खात्री करा. शेजारी एक जुना झगा, मंत्रांच्या वहीची दुसरी प्रत आणि कम्पोनंटची, म्हणजे मंत्राच्या साहित्याची, पिशवी ठेवून द्या, कारण नवा देह उघडाच येतो आणि वहीशिवाय विझार्डला मंत्र तयार करता येत नाहीत. वहीला मेणकापडात गुंडाळा. आपल्या पावसात भिंतीला लावलेला कागद जुलै संपेपर्यंत टिकत नाही.